दोन दिवसांत सवय होते

ता. ४ नोव्हेंबर, सोमवार

देवाच्या कृपेने सामानासकट सुखरूप पोचलो. एक काचेचा पेला फुटला, तेवढ्यावर भागलं. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. ती वाया घालवण्यापेक्षा या नव्या गावाबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणते. मॅट्रिक झाल्यापासून पेन हातात आलं ते वाण्याच्या यादीपुरतंच. बघू जमतं का.

गाव म्हणजे एक रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला आमची तीन मजली इमारत. दिवसातून एक बस येते, तीच परत जाते. यांना पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. राहायला मधल्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. भिंतींना ताजा रंग, नळाला दिवसभर पाणी, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. मी म्हटलं, लग्नाला तीस वर्षं झाली, पण नव्या घरात शिरताना नाव ठेवायला जागा नाही असं पहिल्यांदाच झालं. यांनी हूं केलं. यांचं हूं म्हणजे दुसऱ्याचं पानभर पत्र. मी समजून घेतलं.

ता. ५ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारणी येऊन गेल्या. तळमजल्यावर मास्तरीणबाई राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. समोरच्या दारात शिंपीणबाई, मशीन आणि तोंड दोन्ही अखंड चालू. वरच्या मजल्यावर नर्सबाई. तिघींचा पहिला प्रश्न एकच, चारची मालिका बघता ना? मी म्हटलं, आमच्याकडे टीव्हीच नाही. लेक शिकत होती तेव्हा घेतला नाही, ती नोकरीला लांब गेली तेव्हा गरज उरली नाही. तिघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जणू आमच्या घरात चूलच नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, रोज चार वाजता खाली यायचं. सतरंजी आहे, चहा आहे, तुम्ही फक्त तोंड घेऊन या. फुकटचा चहा आणि चार माणसांची संगत. नाही कशाला म्हणायचं?

ता. ६ नोव्हेंबर, बुधवार

गेले. मालिका एका आडगावाची आहे. डोंगरातून एकच बोगदा, तो ढासळलेला. आता कोणी बाहेर जात नाही, बाहेरून येत नाही. आतल्या आत माणसं एकमेकांना धरून आणि एकमेकांवर डोळा ठेवून जगतात. अर्ध्या तासात मालिका संपते. मग मास्तरीणबाई टीव्ही बंद करून वर कापड टाकतात आणि चर्चा सुरू होते. ती तासभर!

शिंपीणबाईंचं म्हणणं, त्या गावातला डॉक्टर लबाड आहे, औषधं दडवून ठेवतो. नर्सबाई उसळल्या, साठा संपला तर त्याने काय खिशातून काढायची का? शिंपीणबाई म्हणाल्या, तुम्ही कायम डॉक्टरांच्याच बाजूच्या, जेवणात मीठ जास्त झालं तरी तपासायला डॉक्टर बोलवाल. मी पदर तोंडाला लावून हसले.

मालिकेतल्या बेकरीवालीच्या सासूचं काम पूर्वी म्हणे दुसरी बाई करायची. एके दिवशी निराळीच बाई आली आणि सगळे तिला आई म्हणू लागले. मी विचारलं, का ते सांगितलं नाही? मास्तरीणबाई म्हणाल्या, सांगतात कुठे? नट सोडून जातात, नाहीतर लोकांना आवडत नाहीत, मग बदलतात. आधी खटकतं. दोन दिवसांत सवय होते. शिंपीणबाई म्हणाल्या, बदला म्हणून मीच बोलले होते, पहिली फार टोचून बोलायची. आणि गंमत बघा, माझी सासूसुद्धा हल्ली लोण्यासारखी झालीय. पुन्हा हशा.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हूं.

ता. ८ नोव्हेंबर, शुक्रवार

या चर्चेचा एक नेम आहे. शेवटी प्रत्येकीने एक सांगायचं, पुढे काय व्हायला हवं ते. सगळ्यांना पटलं तर मास्तरीणबाई म्हणतात, ठरलं तर. आज नर्सबाई म्हणाल्या की त्या गावातला दुकानदार फार आंबट तोंडाचा आहे, बदलावा. ठरलं तर. मी विचारलं, तुम्ही त्या मालिकावाल्यांना पत्र लिहिता का? तर म्हणाल्या, पत्र कशाला, बोललं की पुरतं.

ता. ९ नोव्हेंबर, शनिवार

मालिकेत दुकानदार बदलला. कालचा काडीसारखा होता, आजचा गुबगुबीत.

साबण आणायला आमच्या खालच्या दुकानात गेले तर गल्ल्यावर वेगळाच माणूस, तोही हसरा. भाऊ असेल म्हणून विचारलं, दादा कुठे गेले? तो म्हणाला, कोण दादा, ताई? मीच तो. तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्याचं मी मंगळवारी त्या आधीच्या दुकानदाराला सांगितलं होतं. नर्सबाई मागेच होत्या. त्या म्हणाल्या, भाऊबिऊ कोणी नाही, पहिल्यापासून हेच आहेत. आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, नवी जागा आहे, होतं असं.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. लेकीकडे गेले की दाखवीन.

ता. ११ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी यांच्याशी वाजलं. दुकानदाराचं मी तीनदा सांगितलं, पटत नाही तर स्वतः जाऊन बघा म्हटलं. तीनदा हूं. मी म्हटलं, भिंतीशी लग्न लावलं असतं तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता. हे डबा न घेताच गेले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

जीव थाऱ्यावर नव्हता तरी चारला खाली गेले. मालिकेत एक नवं जोडपं आलंय. बोगदा ढासळला त्याच्या आदल्या दिवशी गावात उतरलेलं. नवरा घड्याळजी. दिवसभर घड्याळात डोकं घालून बसतो, बायकोशी शब्द नाही. ती बिचारी भांड्यांशी बोलते. चर्चेच्या शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, आज नव्या बाईंनी सांगायचं, इतके दिवस नुसता चहाच प्यायल्यात. मी सकाळच्या तावात होते. म्हटलं, त्या बाईला असला दगड कशाला? जरा बोलका, हसरा माणूस द्या त्या जागी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाई म्हणाल्या, आता खऱ्या आमच्यातल्या झालात.

ठरलं तर.

संध्याकाळी हे आले ते मुकाट्याने जेवले. पण उठताना माझं ताटही उचलून मोरीत नेऊन ठेवलं. यांची माफी मागायची रीत अशीच. मीही काही बोलले नाही. उद्या बोलेन. 

ता. १२ नोव्हेंबर, मंगळवार

अक्षर लागत नाही, तरी लिहिते.

चारला मालिकेत घड्याळजी बदलला. नवा आला, बायकोच्या हातचा चहा घेतला, गोड गोड बोलला. तिने एकदाही दचकून पाहिलं नाही. मी चहा अर्धा टाकून वर आले.

साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. एक परका माणूस आत आला, खुंटीवर पिशवी अडकवली आणि म्हणाला, अगं, आज काय झालं माहितेय? आणि बोलतच राहिला. पंपाचं, साहेबांचं, बसमध्ये चढलेल्या बकरीचं. मी ओरडले. समोरून शिंपीणबाई धावत आल्या, वरून नर्सबाई. मी म्हटलं, हा कोण घुसलाय बघा. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. अहो, हे काय, नवरा आहे तुमचा.

त्याच्या पायात यांचे बूट होते. होत नव्हते, टाचा मागे बाहेर आलेल्या. तरी म्हणाला, माझेच आहेत गं, पाय सुजले असतील.

मी स्वयंपाकघराला आतून कडी घालून बसले आहे. तो दाराबाहेर बसून मला समजावतोय. तीस वर्षांत यांनी मला एवढे शब्द

ता. १३ नोव्हेंबर, बुधवार

पंपघरात गेले. पहारेकरी म्हणाला, ताई, साहेब आत्ताच चहाला गेले, थांबा. कोणते साहेब, विचारलं. त्याने माझ्याकडे दयेनं पाहिलं.

दुकानातून लेकीला फोन लावला. म्हणाली, बाबांशी कालच तर तासभर बोलले, किती हसवलं त्यांनी. मी म्हटलं, तुझे बाबा फोनवर कधी तासभर बोललेत का गं? म्हणाली, आई, ते नेहमीच बोलतात. तुला बरं नाही का?

ट्रंकेतून लग्नाचा फोटो काढला. माझ्या शेजारी तोच उभा आहे. हार घालून, हसत.

देवा, मी मालिकेतल्या माणसाबद्दल बोलले होते. तुझी शपथ, मालिकेतल्या.

ता. १४ नोव्हेंबर, गुरुवार

मास्तरीणबाईंचे पाय धरले. जुनं माणूस परत द्या म्हटलं. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीचंही असंच झालं होतं. तेव्हा मास्तरीणबाईही रडल्या होत्या. आता ती बहीण रोज वेणी घालून देते, पहिली कधी जवळ बसायची नाही. मी विचारलं, पहिली दिसायची कशी? त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, चहा गार होतोय.

परत आणता येतं, म्हणाल्या. चौघींनी मिळून मागितलं तर. पण तो माणूस आम्हाला कोणालाच आठवत नाही, मग मागायचं काय? तुम्ही चेहरा सांगायचा. नीट, नाकीडोळी. शनिवारी चारला. आम्हाला डोळ्यांपुढे दिसला पाहिजे.

जिन्यात शिंपीणबाईंनी हात धरला. हळूच म्हणाल्या, सांगा हं नक्की. मी गेले होते सासू परत मागायला. तोंड उघडलं आणि आताचीच बाई सांगून आले.

ता. १५ नोव्हेंबर, शुक्रवार

तीस वर्षांच्या वह्या. साबणाचा भाव आहे, छत्री दुरुस्तीला कधी दिली ते आहे, यांना ताप आला तो वार आहे. या वहीतही अकरा दिवसांत पानंच्या पानं लिहिली. यांचा चेहरा कुठेच नाही. रोज समोर दिसणारी गोष्ट कोण लिहून ठेवतं?

आठवून आठवून तीन गोष्टी —

टक्कल. कानांवर तेवढे केस.

पुढचा एक दात अर्धा तुटलेला. म्हणून हसताना तोंड मिटायचे.

डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, पंपाच्या वाफेचा.

डोळे — डोळे कसे होते? तीस वर्षं मी यांच्या डोळ्यांत बघून हूंचा अर्थ लावला. रंग आठवत नाही.

तो माझ्यासाठी दोन दिवस रजा घेऊन बाहेर भांडी घासतोय. गुणगुणतोय. मला आवाज नको. कानात कापूस घातलाय.

ता. १५, दुपारी

त्याने जेवण केलं. चांगलं होतं. मी जेवायला नको होतं.

बूट आज त्याला बरोबर बसले.

ता. १६ नोव्हेंबर, शनिवार. सव्वातीन

पाऊण तास आहे. स्वच्छ कागदावर उतरवून नेते, म्हणजे बोलताना चुकायला नको. प्रार्थना केली. देवा, एवढं एक आठवू दे, पुन्हा काही मागणार नाही.

हे समोर येऊन बसलेत. काय लिहितेस, विचारलं. मी म्हटलं, चेहरा. कोणाचा? म्हटलं, माझ्या नवऱ्याचा. हसले. म्हणाले, मग अशी खाली मान घालून काय लिहितेस, बघ की माझ्याकडे. उजेडात सरकून बसले. किती शहाण्यासारखे बसलेत.

बघायचं नाही. बघायचं नाही. वहीतलंच उतरवायचं.

साडेतीन

टक्कल — काल मी टक्कल का लिहिलं? केस तर दाट आहेत, मधे थोडे पांढरे. खोडलं.

दात — सगळे आहेत. खोडलं.

डोळे तपकिरी. बघा, आठवलं.

खालून मास्तरीणबाईंची हाक आली. तिघी जमल्या आहेत. आले म्हटलं.

मनगट — डावा हात दाखवा म्हटलं. लगेच पुढे केला. उजवाही केला. डाग नाही. कुठेच नाही. मला तर स्पष्ट आठवतंय, बोट फिरवलं की खरखरीत लागायचा, मलम लावताना मी रडले होते आणि ते — डाग नाही — मग मी मलम कोणाच्या