तक्ता पाठ, रस्ता बाकी

३ नोव्हेंबर
ठरलं! २० फेब्रुवारीला वाळवंटात. आता कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. तीन वर्षं हुकलं — एकदा दुकानाचं छत गळलं, एकदा सासूबाई आजारी, एकदा माझाच आळस. फेब्रुवारीत इथे बोटं आखडतात, तिकडे भर दुपारी बनियनवर बसावं असं ऊन. मार्च लागला की तेच ऊन माणसाला भाजून काढतं. म्हणजे मिळून दहा-बारा दिवस, बस्स. अकराशे किलोमीटर. मी चालवणार, ही मागे बसून नकाशा वाचणार.

८ नोव्हेंबर
हेल्मेटची काच बदलली. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे नुसते पसरतात. काच भिकार होती.

११ नोव्हेंबर
नवी काचही भिकार.

१४ नोव्हेंबर
गाडीची टाकी रंगवून घेतली. राखाडी-निळा, वयाला शोभेल असा. रंग पाहून ही म्हणाली, नक्की हाच ना? नक्की म्हणजे काय! एकतीस वर्षं चष्मे विकतोय. रंग कळत नाहीत होय मला?

१६ नोव्हेंबर
दुकान बंद करताना ही म्हणाली, बसा खुर्चीत, आज तुमचा नंबर काढू. बसलो ऐटीत, पायावर पाय टाकून. म्हटलं, वरच्या ओळी कशाला, थेट शेवटची विचार. आणि एका दमात — ट, प, र, ग, न, ल!

ती म्हणाली, "अहो, तक्ता मी सकाळीच बदललाय."

उठून जवळ गेलो. शेवटची ओळ — म, द, क, स, ह, व. एक अक्षर जुळेल तर शपथ. म्हणजे दरवर्षी मी स्वतःचे डोळे तपासत होतो ते पाठांतरावर! लाज वाटली. त्याहून हिचा राग आला. जेवताना तोंड फुगवून बसलो, तेव्हा म्हणाली, "मागे बसणारी मी आहे. मला कळायला नको?"

वाळवंट रद्द, एवढं म्हणालो आणि पान तसंच टाकून उठलो.

१८ नोव्हेंबर
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच दुकानात पेशंट पाठवतात. हसू दाबत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी काही विचारायच्या आत हिने विचारलं, वीस फेब्रुवारीला जमेल? बाईंनी कॅलेंडर उलटलं. उजवा पुढच्या आठवड्यात, डावा डिसेंबरच्या मध्यात. धूळ नाही, धक्के नाहीत, बाई सोडतील तेव्हाच गाडी. सगळं नीट झालं तर जमेल.

नीट होणारच!

गाडी झाकून ठेवली. मीटर ४१,२०८. फेब्रुवारीत इथूनच मोजायला लागायचं.

२६ नोव्हेंबर
उजवा झाला. पट्टी निघाली. आधी अंगणात जाऊन गाडीवरचं कापड काढलं. राखाडी कसला — चक्क मोरपंखी! गल्लीच्या टोकावरून दिसेल. वयाला शोभेल म्हणे! हिला विचारलं, तेव्हाच सांगितलं का नाहीस? म्हणाली, मला आवडला होता.

७ डिसेंबर
थेंब दिवसातून चारदा. ही घड्याळ लावून घालते. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सकाळी गाडीही तीच चालू करते. शेजारचा गॅरेजवाला मदतीला असतो. दोन तास लागतात म्हणे. लागत असतील. जुनी गाडी, लाड करावे लागतात.

१७ डिसेंबर
डावाही फत्ते! दुकानाची पाटी समोरच्या फुटपाथवरून वाचली. पाटीवर किती धूळ! गिऱ्हाईकं कशी येत होती कोण जाणे.

४ जानेवारी
काउंटरवर नकाशा पसरून दिवस आखले. दोन ट्यूब, हवेचा पंप, पाण्याचा कॅन. वाळूत टायरची हवा थोडी कमी ठेवायची. हिचे प्रश्न संपेनात. वाळूत क्लच कसा सोडायचा? चाक रुतलं तर उतरायचं की रेटायचं? म्हटलं, मागे बसून तुला काय करायचंय? पण सांगितलं सगळं. शिकवायला मला आवडतंच.

१४ फेब्रुवारी
मोकळा! बाईंच्या खोलीतला तक्ता मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटची ओळ घडाघडा वाचली. खाली कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, पुरे आता. येताना हिच्यासमोर रस्त्यावर शिट्टी वाजवली. एकसष्टाव्या वर्षी!

१५ फेब्रुवारी
तीन महिन्यांनी गाडीवर बसलो. मीटर लिहून घ्यायला वाकलो.

४१,९६०.

काच पुसली. ४१,९६०. डोळे नवे आहेत, चूक डोळ्यांची नाही.

वळून पाहिलं. ही दारात उभी, काखेत हेल्मेट. दर रविवारी साठ किलोमीटर! जानेवारीत लायसनही काढलं, पहिल्या फटक्यात, डोळ्यांच्या तपासणीसकट. वर म्हणाली, "तुमचे डोळे वेळेत बरे झाले नसते तर? वाळवंट थांबलं असतं होय?"

गॅरेजवाल्याला सांगून आलो, मागची सीट चांगली रुंद कर. अर्धा रस्ता नकाशा मी वाचणार आहे.