सतरा दाखले आणि पेणचा पिवळा डबा

५ सप्टेंबर २०१७, मंगळवार. पेण, घरी.
नवीन वही. नियम तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. सबबी लिहायच्या नाहीत.

आज अनंत चतुर्दशी. बाबांच्या गणपतीच्या कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. मला मुळाक्षरांच्या आधी रंग आले, ते याच फळ्यांखाली बसून. पितांबराला कुठला पिवळा आणि मुकुटाला कुठला, हे मी चौथ्या वर्षी सांगायचे. आत्या म्हणते म्हणूनच मी हट्टी झाले.

माळ्यावर बाबांचा जुना पिवडीचा डबा सापडला. भुकटी अजून लखलखीत. डब्यावर चिठ्ठी: 'शुद्ध व नैसर्गिक'. जुन्या काळची माणसं अक्षरसुद्धा किती मन लावून काढायची! तो डबा रोह्याला नेते म्हटलं तर बाबा म्हणाले, राहू दे गो, त्याला हात नको लावू. भावनेचा प्रश्न दिसतो. मी समजून घेतलं. पिशवीत कपड्यांखाली घातला.

७ सप्टेंबर, गुरुवार. रोहा.
(काल लिहिलं नाही. प्रवास होता. ही सबब नाही, माहिती आहे.)

परिस्थिती अशी. मी ज्याच्या लॅबमध्ये काम करते तो धाटावचा रंगाचा कारखाना लहान आहे. एक नोव्हेंबरपासून सरकारचा नियम लागू होतोय: घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त चालणार नाही. दहा लाख भागांत नव्वद. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि आमचा सगळ्यात जास्त खपणारा पिवळा शिशावरच उभा आहे.

पुण्याच्या एका पार्टीला बालवाड्यांच्या घसरगुंड्यांसाठी बिनशिशाचा पिवळा हवाय. शेड तोच, जुना. लॅबचा रिपोर्ट पास झाला तर वर्षभराची ऑर्डर. माझे प्रोबेशनचे सहा महिने ३१ ऑक्टोबरला संपतात. शेठनी स्वच्छ सांगितलंय की सगुणा, पिवळा झाला तर तू कायम. नाही झाला तर पेणला परत, आणि आत्याने शोधलेला पनवेलचा बँकवाला मुलगा.

पिवळा होणारच. मी शांत आहे.

१२ सप्टेंबर, मंगळवार.
कच्च्या मालाच्या सगळ्या पुरवठादारांना पत्रं पाठवली. प्रत्येकाने लेखी द्यायचं की मालात शिसं नाही. दाखला नाही, तर माल नाही. शेठ, म्हणजे मालक हैबतराव, माझं पत्र वाचून कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, एक जुलैला जीएसटी, एक नोव्हेंबरला शिसं, सरकारला माझ्या कॅलेंडरातली एक तारीख मोकळी बघवत नाही. तिकडे चीनने कारखाने बंद केले, पांढऱ्या पावडरीचा भाव महिन्याला चढतोय. आणि इकडे तू टर्पेंटाइनवाल्याला दाखला मागतेस!

मी म्हटलं, सुतळीवाल्यालाही मागितलाय.

संकल्प: तपासणी एकदाच करायची. दुसऱ्यांदा बघायचं नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ९.४०.
उशीर झाला. लॅबचं कुलूप नीट लागलंय का ते काल संध्याकाळी तीनदा बघितलं, त्यात शेवटची एसटी गेली. रिक्षा खड्ड्यांतून आली. झोप लागली नाही. पण एकंदर प्रगती आहे. मागच्या आठवड्यात पाचदा बघत होते.

२२ सप्टेंबर, शुक्रवार.
दाखले सोळा. मिक्सिंगवरचा विठू खांब गावाहून सायकलने येतो. तो मला पीपीएमबाई म्हणतो हे आज कळलं. मी नाराजी दाखवली. तो म्हणाला, अगो बाय, प्रेमानं बोलतो, माझ्या बायकोला तर मी नावानं पन हाक मारत नाय. त्याच्या हातांचा दाखला मागितलाय का, असंही त्याने विचारलं. सगळे हसले. मी हसले नाही, पण विचार केला. हात धुण्याचं रजिस्टर सुरू केलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार.
खरी अडचण अब्राहमकाका.

अब्राहमकाका रोहेकर आमचे शेड मॅचर. वय एकाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं रंगात. त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले. हे आणि फ्लोराकाकू तेवढे राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणाले, तिकडं ऊन फार पांढरं आहे, शेड कळत नाही.

त्यांची पद्धत: रंगाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, सकाळी अकराला उत्तरेच्या खिडकीत उभं राहायचं आणि बघायचं. बस. काही लिहीत नाहीत. मी चार्ट दिला, त्यावर चहाचा कप ठेवतात. अशा माणसाच्या ड्रममध्ये शिसं नसेल यावर माझा विश्वास नाही. तोंडावर बोलले नाही, वयाचा मान असतो. इथे लिहून ठेवते.

४ ऑक्टोबर, बुधवार.
नवा बिनशिशाचा पिवळा गुजरातहून आला. दाखल्यासकट. सतरा!

रंग मात्र आजारी. लिंबाच्या सालीसारखा हिरवट, आणि झाकत नाही. पत्र्याच्या पट्टीवर दोन हात दिले तरी खालचा पत्रा दिसतो. काका म्हणाले, नवा पिवळा गरीब असतो, त्याच्याखाली आधी पांढरा हात लागतो, मग वर नीट बसतो. शेठ ओरडले की पांढरा म्हणजे टायटॅनियम, म्हणजे चीन, म्हणजे माझं दिवाळं! काका म्हणाले, दिवाळं नाही, शेठ, सावकाशी. रविवारी बघू.

रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा काका एकटे येऊन काम करतात. ते ज्यू, त्यांची सुट्टी शनिवारी. शुक्रवारी दुपारीच निघतात. घरी दिवे लागायच्या आत पोचायचं असतं. चाळीस वर्षांत एकाही शनिवारी हात रंगाला लागलेला नाही, हे विठूसुद्धा अदबीने सांगतो.

६ ऑक्टोबर, शुक्रवार.
काका निघताना म्हणाले, बाय, नव्या पिवळ्याच्या त्या वीस लिटरच्या दोन डब्यांना हात लावू नको, मुरू दे. मी मान हलवली.

मान हलवणं म्हणजे होकार असंच काही नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १.
लॅबमध्ये मी एकटीच. शांतता. विचार केला, माझं कायम होणं दुसऱ्याच्या अंगठ्यावर का अवलंबून असावं? मला रंग चौथ्या वर्षापासून येतात.

रूमवरून बाबांचा डबा आणला. पिवडी म्हणजे माती. मातीत शिसं कुठून येणार? शिवाय लेखी आहे, शुद्ध व नैसर्गिक. काचेवर तेलात घोटली, दोनपैकी एका डब्यात घातली. एकच चमचा.

दुपारी ३. दोन चमचे.

संध्याकाळी ५.३०. खरं लिहायचा नियम आहे म्हणून: सहा. पण काय शेड आला! एका हातात पत्रा गायब. बाबांचा पितांबर डोळ्यांसमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं (टर्पेंटाइनही होतं).

कच्च्या मालाच्या यादीत वेगळी नोंद केली नाही. घरचा माल आहे, बाहेरचा नाही. कुलूप एकदाच बघितलं. आत्मविश्वासाने माणूस बदलतो.

९ ऑक्टोबर, सोमवार.
काकांनी काल, रविवारी, दुसऱ्या डब्यावर काम केलं. आज सकाळी माझा डबा उघडला, थेंब नखावर घेतला, खिडकीत गेले. बराच वेळ उभे. मग विचारलं, हा पिवळा कुठला गो बाय? म्हटलं, नैसर्गिक आहे. ते म्हणाले, नवे पिवळे एवढे झाकत नाहीत. मी नम्रपणे आभार मानले.

ते म्हणाले, दोन्ही डब्यांचे नमुने पाठव मुंबईच्या लॅबला. बिचारे. स्वतःहून हरायला तयार झाले. मी त्यांच्या डब्यावर 'अ' आणि माझ्यावर 'ब' लिहिलं. शेठना सांगून ठेवलं की 'अ' मध्ये काही निघालं तर काकांना बोलू नका, त्यांची पद्धतच जुनी आहे. शेठ माझ्याकडे बघत राहिले. कौतुकाने असावं.

१८ ऑक्टोबर, बुधवार. पेण.
नरकचतुर्दशी. पहाटे उटणं. रिपोर्ट नाही. लॅबलाही दिवाळी. बाबांना सांगितलं की मी कायम झाल्यातच जमा आहे. बाबांनी ते आत्याला सांगितलं, आत्याने पनवेलला. डब्याचं बोलले नाही. मोठं सरप्राइज ठेवलंय: रिपोर्ट फ्रेम करून त्यांच्या कारखान्यात लावायचा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.१५.
रिपोर्ट आला.
नमुना अ: ३८ पीपीएम.
नमुना ब: २,६४०.

११.३०. लॅबला फोन केला. अ आणि ब उलटे झाले असतील, म्हटलं. नाही म्हणाले.
११.५०. परत केला.
१२.१०. त्यांनी उचलला नाही.

संध्याकाळी.
सबबी लिहायच्या नाहीत, म्हणून आज फार थोडं लिहिण्यासारखं आहे. सहा चमच्यांचं सगळं शेठना सांगितलं. विठू दारात होता. त्याने हसू दाबलं आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. शेठनी विचारलं, त्या डब्याचा दाखला कुठाय? सुतळीचा आहे तुझ्याकडे, मातीचा नाही? मी म्हटलं, चिठ्ठी होती.

काका म्हणाले, शेठ, डबा बाहेर गेला नाही, कुठल्या पोराच्या घसरगुंडीला लागला नाही. मी त्या सोमवारीच, खिडकीत, ओळखलं होतं. नुसतं सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं, कागद लागतो तिला.

खरं आहे.

३१ ऑक्टोबर, मंगळवार.
पुण्याची ऑर्डर मिळाली. 'अ' ला. खाली पांढरा हात, वर दोन पिवळे. 'ब' झाकण सील करून धोकादायक कचऱ्याच्या पिंपात गेला. सील मी चारदा तपासलं.

मला कायम केलं नाही, काढलंही नाही. प्रोबेशन सहा महिने वाढलं. काम बदललं: रोज अकराला उत्तरेच्या खिडकीत काकांच्या शेजारी उभं राहायचं, त्यांच्या नखाकडे बघायचं, आणि ते बोलतील ते लिहून घ्यायचं. शिवाय दारावर लावायला सूचना टाइप करायची: 'शनिवारी लॅब बंद'. केली. दोन प्रती.

५ नोव्हेंबर, रविवार. पेण.
डबा परत आणला. तीन पिशव्यांत बांधून, एसटीत मांडीवर न घेता. बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याने जास्त लागलं. म्हणाले, अगो, मी तो रंग कधीच बंद केला, सात-आठ वर्षं झाली. टाकायला जिवावर आलं म्हणून वर ठेवलेला. हात नको लावू म्हटलं होतं ना?

मी म्हटलं, पण चिठ्ठी? नैसर्गिक असं कोणी लिहिलं?

बाबांनी चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला. खाली छापील लेबल. लेड क्रोम. त्याच्याखाली कवटी.

मग चिठ्ठी माझ्या हातात ठेवून म्हणाले, दुकान-दुकान खेळायचीस ना फळ्यांखाली? हळदीला, शेंदराला, तुझ्या आईच्या पिठाच्या डब्यालासुद्धा अशीच चिठ्ठी चिकटवली होतीस. उलटी करून बघ.

मागे आखीव रेघा. वहीचं पान. नाव आणि वर्ग.

फाइल पूर्ण केली पाहिजे. दाखला क्रमांक अठरा. माल: पिवडी. देणाऱ्याचं नाव: सगुणा महिपती, इयत्ता तिसरी, तुकडी ब.