आखूड काठी आणि औषधांची खिडकी

३ मार्च, सोमवार
हे लिहिण्याचं कारण, सरांचा नियम. कराटेच्या क्लासमध्ये ज्याला हत्यार शिकायचं आहे, त्याने आज कशाची भीती वाटली ते रोज लिहायचं. सर वाचणार नाहीत, फक्त तारीख बघणार.
क्लासला जाण्याचं कारण असं. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या औषधखिडकीतून एका माणसाने चाकू आत घातला आणि झोपेच्या गोळ्या मागितल्या. मी दिल्या. पिशवी हवी का, तेही विचारलं. पोलिसांना पिशवीचं फार नवल वाटलं. तो अजून मोकळाच आहे.
आजची भीती: नाही.

५ मार्च, बुधवार
सर माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, बाई, आधी रिकामे हात, मग पाय, मग पडणं. काठी सहा महिन्यांनी. काठी आली की माणूस स्वतःचे हात विसरतो. मी म्हटलं, सत्तावन्न वर्षं रिकाम्या हातांनी काढली, उपयोग दिसला. त्यांनी आखूड काठी काढून दिली. वादविवादात मी कॉलेजपासून पक्की.
भीती: नाही. दाराची कडी चारदा पाहिली, पण ती शिस्त म्हणून.

१० मार्च, सोमवार
पार्टनर म्हणून बेकरीवाली मिळाली. दणकट आहे. एकीने काठी मारायची, दुसरीने हिसकावायची, मग अदलाबदल. तिची काठी अंगावर आली तेव्हा माझे डोळे मिटले. ट्यूबलाइट फार प्रखर आहे.
निर्णय: आपण मारणारीच व्हायचं. त्याने शत्रूचं मन कळतं.

१४ मार्च, शुक्रवार
मारणारीचं काम वाटतं तितकं सोपं नाही. बेकरीवाली मनगट पिळते. तेव्हा वेळेवर बोटं उघडून काठी तिच्या हातात जाऊ द्यायची, नाहीतर मनगट कामातून जातं. मग गादीवर पडायचं, तळहात आपटून. आज चाळीस वेळा. सर म्हणाले, सोडणं छान जमतंय तुम्हाला.
घरी यांना काठी दाखवली. म्हणाले, काठी कशाला, चोर आला तर नुसतं "कोण आहे?" विचार. मी तीस वर्षं दचकतोय.

२० मार्च, गुरुवार
महिनाभर मी मागे साठ्याच्या खोलीत बसते, कारण मोजणी तुंबली आहे. कंपाउंडर म्हणतो तुंबलेली नाही. त्याला काय कळतंय. आज मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खिडकीवर कधी बसणार? एकतीसपासून बसा, नाहीतर दुसरं कुणी नेमते. बावीस वर्षं ती खिडकी माझी आहे.
भीती: नाही. झोप आली नाही. चहा उशिरा घेतला.

२६ मार्च, बुधवार
बेकरीवाली म्हणाली, ताई, आज तुम्ही हिसकावा, मी अगदी हळू मारते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. म्हणाली, गेल्या आठवड्यातही पुढच्याच आठवड्यात होतं. फाजील बोलते. सर म्हणाले, बाई, जे रोज करता तेच वेळेला हातून होतं. हेच तर माझं म्हणणं. आणखी वीस वेळा केलं.

३१ मार्च, सकाळी आठ
खिडकीवर. काठी मांडीवर. रांगेत अकरा जण. हात गार पडलेत; या खोलीत ऊन येत नाही.

३१ मार्च, संध्याकाळी पाच
तो आला. या वेळी चाकू नव्हता. रिकामा हात आत घातला आणि म्हणाला, पूर्वीच्याच द्या. मी काठी हाणली. नेम चुकला नाही. त्याने माझं मनगट धरून पिळलं. माझी बोटं उघडली. अगदी वेळेवर. काठी त्याच्या हातात गेली आणि मी पडले, तळहात आपटून. तो दोन पावलं मागे सरकला. मग त्याला हातातली काठी दिसली.
उठून गोळ्या दिल्या.
कंपाउंडर टेबलाखालून म्हणाला, बाई, लागलं का? नाही लागलं. पडणं उत्तम झालं होतं.
पोलिस म्हणाले, म्हणजे येताना त्याच्याकडे काहीच नव्हतं? मी म्हटलं, येताना नव्हतं.
आजची भीती: हो. रोजच होती.

आज सुपूर्द केलेल्या वस्तू:
झोपेच्या गोळ्या, पाकिटं चार. त्याला.
आखूड काठी, एक. त्यालाच.
खिडकीची किल्ली, एक. डॉक्टरीणबाईंना. त्यांनी मागितली नव्हती.