निळा रंग संपतो तिथे

मुलुंड (पूर्व)
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघींची पत्रं पुन्हा सुरू झाली हे झकास झालं. इकडे मी आणि बाबा ठीक. आई गेल्यापासून दसऱ्याचं श्रीखंड विकतच येतं आणि बाबा दरवर्षी त्याला नावं ठेवून दोन वाट्या खातात. यंदाही खाल्लं.

आज लिहायला बसले ते एका फालतू वाटणाऱ्या प्रश्नासाठी. प्लास्टिकवर वाळलेलं मेण घरातल्या वस्तूंनी कसं काढायचं? बाबांनी नेहमीप्रमाणे खंडेनवमीला गाडी धुऊन वॅक्स लावलं. ते वॅक्स निळ्या पत्र्यासाठी असतं. बंपरचा खालचा भाग, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कव्हरं हे सगळं काळं, खरबरीत प्लास्टिक आहे. त्यावर वॅक्स गेलं की ते बारीक खाचांत बसतं आणि वाळलं की पांढरं दिसतं. म्हणून बाबा आधी निळा रंग संपतो तिथे कडेकडेने कागदी चिकटपट्टी लावत बसतात. तू पाहिलं आहेस ना? ट्रॉम्बेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी रेघा मारण्यात गेली; पट्टी केसभर इकडची तिकडे होत नाही. यंदा त्यांनी पट्टी लावलीच नाही. विचारलं तर म्हणाले, आता हात बसलाय, पट्टी कशाला.

दसऱ्याला हार घेऊन गाडीच्या पूजेला खाली गेलो, तर काळ्या भागांवर सगळीकडे पांढरे फराटे. बंपरवर तर चार बोटं उमटलेली. आमच्या सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं, की काय हो श्यामकांतराव, गाडीला विभूती फासलीत वाटतं. सगळे हसले. बाबाही हसले. मग लिफ्टमध्ये हळूच मला विचारलं, की तो विभूती कशाला म्हणाला गं. त्यांनी त्या पांढऱ्या फराट्यांच्या शेजारीच कुंकू लावलं होतं, आत्या, आणि त्यांना ते दिसले नव्हते. मी म्हटलं, त्यांना काहीतरी बोलायची सवयच आहे.

गेल्या महिन्यात गाडी बाहेर काढताना वॉचमनचं स्टूल उडवलं, तेव्हा स्टूलच चुकीच्या जागी होतं असं ठरलं होतं. भाऊबीजेला घोडबंदरवरून, भाईंदर-उत्तन करत तुझ्याकडे स्वतः गाडी चालवत यायचं त्यांचं पक्कं आहे.

साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने मी घासून पाहिलं. ओलं असताना काळंभोर दिसतं, वाळलं की पुन्हा पांढरं. तुला काही माहीत असेल तर कळव. मला ते लवकर काढायचं आहे. का, ते अजून मलाच नीट सांगता येत नाही.

तुझा लोभ आहे म्हणून असले प्रश्न विचारायचं धाडस होतं. तो राहू दे.

तुझी,
उत्तरा

—

मनोरी
८ ऑक्टोबर

चि. उत्तरास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू ओरडत नाहीस हे खरं, पण तुझं अक्षर इतकं बारीक असतं की कानांबरोबर माझे डोळेही जातील. पुढचं पत्र जरा ठळक लिही बघू.

मेणाचं म्हणशील तर आमच्या शेजारणीकडे नाताळात मेणबत्त्या टेबलक्लॉथवर सांडतात, तेव्हा ती वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवते. मेण वितळून कागदात शिरतं. तत्त्व एकच, मेणाला ऊब दे आणि लगेच टीप. बंपरवर इस्त्री फिरवू नकोस गं बाई, नाहीतर गाडीची वाट लागेल. केस वाळवायचं यंत्र लांबून धर. खाचांत उरेल त्याला तेलकट काहीतरी चोळ, मेण तेलात सुटतं. मग साबण. कडेला जाड थर असेल तो शाळेच्या खोडरबरने निघेल. आधी कोपऱ्यात करून बघ.

हे झालं. आता दुसरं.

गेल्या भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं, तेव्हा त्याने ओवाळणीचं पाकीट तबकात ठेवलं नाही. तबकाच्या शेजारी, चटईवर ठेवलं. अगदी नीट, दोन्ही हातांनी, आणि ठेवून माझ्याकडे बघून हसला. तू आत पानं घेत होतीस. मी पाकीट उचलून तबकात ठेवलं आणि म्हटलं, चल, जेवायला बसू.

वर्ष झालं. कुणाला बोलले नाही. थकला असेल, उन्हातून आला असेल, अशी समजूत काढत राहिले. खरं सांगायचं तर भीती होती, की बोलले तर तो गाडी ठेवून देईल आणि मग मनोरीला येणं बंद होईल. आमच्या गल्लीत हॉर्न वाजतो तेव्हा तो एक आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हणून तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही. तरी करते. प्लास्टिक पूस नाहीतर नको पुसूस, पण दादाला सांग. तो रागावेल. रागावू दे.

माझ्या म्हातारीच्या वाट्याची माया तुझ्याकडे जमा आहेच, ती वापरत जा.

तुझी,
वसुधाआत्या

—

मुलुंड (पूर्व)
१३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र ठळक आहे ना?

काल बाबा दुपारचे झोपल्यावर मी खाली गेले. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून हेअर ड्रायर लावला. वीतभर जागा कोमट करायची आणि जुन्या बनियनने टिपायची, असं करत गेले. बंपरचं बरंचसं निघालं. दारांवरच्या पट्ट्यांवर आधी व्हिनेगर आणि पाणी लावून पाहिलं, त्याने फारसं झालं नाही, नुसता वास सुटला. मग पीनट बटर चोळलं. हसू नकोस, घरात तेवढंच चिकट आणि तेलकट होतं, आणि खाचांत तेच शिरलं. ब्रशने काढून साबणाने धुतलं. आरशाच्या कडा खोडरबरने केल्या. वॉचमनने विचारलं, की मॅडम, साहेबांची गाडी तुम्ही का पुसता, तर मी म्हटलं, हात दुखतात त्यांचे. लिफ्टमधल्या पहिल्या थापेला ही दुसरी जोडली.

बंपरवरची ती चार बोटं सर्वांत शेवटी पुसली.

आता गाडी नव्यासारखी दिसते आणि मला ती बघवत नाही. रात्री डायरीत बाबांची गाडी पुसली एवढंच लिहिलं आणि पुढे हात चालेना. चारचौघांत हसं होऊ नये म्हणून पुसलं, असं मी स्वतःला सांगते. पण कुणाचं हसं? वडिलांना दिसत नाही हे ज्या मुलीला ठाऊक आहे आणि तरी गप्प आहे, तिचंही त्यात आलंच की. त्या डागांनी जे सांगितलं असतं ते मी पुसून टाकलं, आणि आता माझ्या तोंडून सांगायची हिंमत नाही. परवा तर बॅटरीची वायर सैल करून ठेवावी असं मनात आलं. मग माझीच मला लाज वाटली. माणूस समोर बसून चहा पितोय, त्याच्याशी बोलायचं सोडून त्याच्या गाडीशी दगाबाजी करायची?

एक लबाडी मात्र केलीच. घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची दिवाळीनंतरची वेळ माझ्या नावाने घेतली आहे. बाबांना सोबत चला म्हटलंय. तिथे काय ते होईल. पण भाऊबीज त्याच्या आधी येते.

मला परवाना मिळून इतकी वर्षं झाली, ऑफिसच्या कामाला मी नाशिकपर्यंत गाडी नेते, पण बाबा त्यांच्या गाडीला हात लावू देत नाहीत. क्लच जाळशील म्हणतात. तेव्हा मी चालवते म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

भाऊबीजेआधी बोलेन. हे तुला लिहिलं म्हणजे मला बोलावं लागेल.

रागावायचं असेल तर रागाव, पण पत्र लिहून रागाव, म्हणजे तुझी माया हातात राहील.

तुझी,
उत्तरा

—

मुलुंड (पूर्व)
१५ ऑक्टोबर

चि. वसुधास,
अ. उ. आ.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर जाड पेनने लिहीत आहे. ओळी वर चढल्या असतील तर तशाच वाच. हे उत्तराला कळवू नये.

काल सकाळी गाडीजवळ उभा होतो. हाताला मुंग्या चढल्या. दाराच्या काळ्या पट्टीवरून त्यांची रांग चालली होती, ती मला दिसली नाही, मुंग्या चावल्या तेव्हा कळली. वाकून वास घेतला तर शेंगदाण्याचा. पुढे बंपरपाशी व्हिनेगरचा. पेट्रोलच्या गाडीला भेळेचा वास कसा, म्हणून बोटं फिरवली. वसू, प्लास्टिक इतकं स्वच्छ होतं की खाचन् खाच लागत होती. मी ते धुतो तेव्हाही इतकं स्वच्छ निघत नाही. कुणीतरी खपून काहीतरी काढलं होतं. काढलं म्हणजे आधी काहीतरी होतं. मग ती विभूती आठवली.

दसऱ्याला सगळे हसले तेव्हा मीही हसलो होतो.

वर येऊन चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि पुन्हा खाली गेलो. भर अकराचं ऊन होतं. निळा रंग संपतो आणि काळं सुरू होतं तिथे पट्टी लावायची, एवढंच. बोटांना कड कळते. डोळ्यांना निळं आणि काळं एकच झालं आहे. हे या वर्षी झालेलं नाही. या वर्षी मी पट्टी लावायचं टाळलं, कारण गेल्या वर्षी ती वाकडी गेली होती आणि तेव्हा मी उन्हाला दोष दिला होता.

उत्तराचा राग आला. खोटं कशाला बोलू? गाडी घाण केली मी, पुसली तिने, आणि राग मला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका लाल पेन्सिलने दाखवल्या. कधी गुपचूप खोडून दिल्या नाहीत, कारण मग माणूस तीच चूक पुन्हा करतो आणि पूल पडतो. मला माझी चूक सहन होणार नाही, असं पोरीने परस्पर ठरवलं. मग विचार करत बसलो, की तिने तोंडावर सांगितलं असतं तर मी काय केलं असतं. स्टूलच चुकीच्या जागी होतं म्हणालो होतो. तेच म्हणालो असतो.

भाऊबीजेला येणार हे नक्की. कसा येणार ते ठरत नाही. चावी खिशात आहे, सारखा हात तिच्याकडे जातो.

तुझ्या भावावरचा तुझा जीव असाच राहो, तो आता थोडा जास्त लागेल.

तुझा,
दादा

—

मनोरी
१८ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात आणि थोडंच लिहिते. आमची कोळीण चंपा मासळी घेऊन होडीने मार्व्याला निघाली आहे, तिच्या हाती देते. ती मालाडला पेटीत टाकेल.

गेल्या वर्षी तू ओवाळणी तबकाबाहेर ठेवलीस. मी ती उचलून आत ठेवली आणि तुला सांगितलं नाही. तेव्हा उत्तरावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागाव, माझा नंबर पहिला आहे. यंदा तसं झालं तर मी उचलणार नाही. सांगेन, आणि तू उचलशील.

बसने ये, रिक्षाने ये, होडीत बसून ये. गाडीने येणार असशील तर डाव्या दाराने उतर. हॉर्न तुझाच वाजला पाहिजे असं काही नाही, मला सगळे हॉर्न सारखेच ऐकू येतात.

वालाचं बिरडं करून ठेवते. बहिणीचं ऐकावं, तिला कमी ऐकू येत असलं तरी.

तुझी,
वसू

—

मुलुंड (पूर्व)
२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बिरड्याचा डबा काल धुऊन ठेवला, पुढच्या खेपेला आणते.

तुझ्या दारात उतरलो ते तू पाहिलंस, त्याआधीचं सांगायचं राहिलं. मी बोलेन असं तुला लिहिलं होतं, आणि बोलले नाही. भाऊबीजेच्या सकाळपर्यंत रोज उद्यावर ढकललं. त्या दिवशी पार्किंगमध्ये मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. दाराशी उभे राहून त्यांनी चावी टपावर ठेवली आणि म्हणाले, की घोडबंदरला ट्रकवाले मागून हॉर्न मारतात, त्यांना घाबरायचं नाही. मी बघतच राहिले तर म्हणाले, चल गं, वसू वाट बघत असेल, आणि तुझ्या त्या शेंगदाण्याने गाडीला मुंग्या लागल्यात, त्या आत आल्या तर तूच बघ.

मला रडू आलं. ते म्हणाले, रडत क्लच सोडू नकोस, गाडी बंद पडेल. पडलीच.

उत्तनपर्यंत प्रत्येक गिअरला त्यांनी नावं ठेवली. एकदा मात्र विचारलं, की समुद्र दिसायला लागला का. मी हो म्हटलं. त्यांनी काच खाली केली.

शनिवारी घाटकोपरला गेलो. नर्सने माझं नाव पुकारलं तर बाबाच उठले. पेशंट मी आहे, हिने भीतीने स्वतःचं नाव लावलंय, असं सांगून आत गेले. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते, असं डॉक्टर म्हणाल्या. लवकर का आला नाहीत, असंही त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. गाडी चालवायची नाही असं त्यांनी सांगितलं, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, की ते झालंय आमचं.

काल रविवारी दिवाळीची धूळ धुऊन गाडीला पुन्हा वॅक्स लावलं. चिकटपट्टी मी लावली, वॅक्स त्यांनी. माझी पट्टी काही त्यांच्यासारखी सरळ जात नाही. कडेवरून बोट फिरवून त्यांनी दोन ठिकाणी काढून परत लावायला लावली. सगळं वाळल्यावर पट्ट्या सोडवल्या. बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, कुठे पांढरं राहिलंय का?

होतं. उजव्या आरशाच्या खाली, माझी पट्टी सुटली होती तिथे. नखाएवढं. फडकं माझ्याही हातात होतं, आत्या. एका हाताने पुसून, नाही बाबा, सगळं स्वच्छ आहे, असं म्हणणं किती सोपं होतं ते तुला ठाऊक आहे.

मी सांगितलं, की आहे. त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट धरून त्या डागावर ठेवलं. त्यांनी तो चाचपला, मान हलवली आणि मला वर पाठवलं पीनट बटर आणायला.

तुझ्या भावाचं आणि भाचीचं हे असं चाललं आहे. जीव लावत राहा, आणि काही चुकलं तर सांगत जा.

तुझी,
उत्तरा