खटका आणि दोन हजार अंडी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याची आणि मामीच्या रागाची चौकशी आधी करतो, कारण दोन्ही माझ्यामुळेच. पत्र रोज लिहायला घेत होतो नि रोज टाळत होतो, त्यात एकवीस दिवस गेले. तेवढ्यात अंड्यातून पिल्लू निघतं म्हणतात. (आमच्या मालकांकडे निघेलच असं नाही.)

तुम्ही चिकटवून दिलेली ही सातवी नोकरी. एक खोली, तिच्यात कपाटाएवढं उबवणी यंत्र, यंत्रात दोन हजार अंडी, आणि बाहेर त्यांचे वैरी, म्हणजे मालक. ऊब सांभाळायला दोन उपकरणं आहेत, एक जुनं नि सावकाश, दुसरं नवं नि तरतरीत. कुठलंही एक लावून ठेवा, दार उघडलं, गार वारा आला, तरी तापमानाचा काटा जरासा डुलतो नि जागेवर येतो. पण मालकांनी मध्ये खटका बसवलाय. काटा हलला की ते तो फिरवतात, जुन्यावरून नव्यावर, नव्यावरून जुन्यावर. झोका थांबवायला दोन शहाणे उभे करायचे आणि एकाने हात लावला की लगेच दुसऱ्याला पुढे करायचं, तसं. झोका थांबायचा सोडून वर वर जातो. (झोक्यावरून आठवलं, तुमच्या अंगणातला मी तोडला नव्हता. तो कुजलेलाच होता.)

मग एक इंजिनियर आला. आपल्याकडे बघण्यात वेळ जाईल म्हणून डोळे मिटूनच बोलतो. अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडून म्हणाला, एकदा खटका फिरवला की दोन तास शिवायचं नाही, मग काटा एका अंशाबाहेर जाणार नाही, हे लिहून देतो. भराभर फिरवाल तर हमी नाही, उपकरणं कितीही गुणी असोत.

"म्हणजे मी हात बांधून बसायचं?" मालक म्हणाले.

"हो. अवघड काम आहे खरं."

अठराव्या दिवशी काटा चाळीस अंशांपार गेला, अंड्यांना हवेत साडेसदतीस. उद्या अंडी फेकणार, परवा बहुधा मला. असल्या चंचल माणसाच्या हाताखाली कोण टिकणार?

तुमचा भाचा

ता.क. अठराव्या दिवशी मालक परगावी होते. खटका माझ्याकडे होता. एका दुपारी मी तो एकोणीस वेळा फिरवला.

दुसरा ता.क. म्हणून आठवी नोकरी शोधू नका. सातही चांगल्या होत्या, मीच एकीतही रुळेपर्यंत थांबलो नाही. मालक तुमचा शब्द मानतात. खटक्याचं खरं काय ते त्यांना सांगा, आणि तरी वर्षभर ठेवून घ्या म्हणा. (फोन केला असता, पण तुम्ही उचलला असतात.) पत्र गाडीवाल्याबरोबर धाडतोय, आजच मिळेल.

तिसरा ता.क. गाडीवाल्याला थांबवलंय. तीन दिवस खटक्याला शिवलो नव्हतो. आत्ता यंत्रातून टकटक आली, दार उघडलं, तर एकजण आलाय. ओला, चिडलेला, माझ्याकडे अगदी मालकांसारखा बघतोय. दार उघडल्याने काटा हलला आहे. डावा हात मांडीखाली दाबून लिहितोय.