मुसळाची हाक

मारेगाव, १९६३

मोठ्या जाऊबाई विमलबाईले,
पाया पडते.

तुमी वणीले राहाले गेल्या तवा माहा जीव भांड्यात पडला, खोटं कायले बोलू? चंद्री माही पोरगी, पण तीन वर्षांची झाली तरी माह्या हाकेले मान वळवत नव्हती. तुमी मात्र कांडता कांडता मुसळ जमिनीवर आपटून "चंद्रे!" म्हटलं का धावत यायची. तुमीच पोरीवर काही करणी केली, असंच मले वाटे.

परवा दवाखान्यातली नर्सबाई अन् देवी टोचणारा घरी आले. टोचताना शेजारचं पोरगं किंचाळलं, तरी बाजूले बसलेल्या चंद्रीनं वळून पाह्यलं नाही. नर्सबाईले तेच खटकलं. तिनं पोरीच्या मागं उभं राहून थाळी वाजवली. चंद्री आपली भिंतीचे पोपडे काढत बसली. मंग मी मुसळ आपटलं, तशी गर्रकन वळली.

नर्सबाई म्हणे, "पोरीले ऐकू येत नाही, बाई. जमीन हादरते, ते तिले समजते. नागपूरले मोठ्या डाक्टरले दाखवा, उशीर नका करू."

म्हणजे तुमची हाक बी तिनं कधी ऐकली नाही! मले आधी हेच सुचलं. रडू मागून आलं.

आता मीच मुसळ आपटते. चंद्री धावत येते, अन् माह्या मागं तुमाले शोधते.

हे पत्र मी टाकत नाही. वाचून तुमी परत आल्या म्हणजे?

चंद्रीची माय,
सिंधू