कार्ड काढलं तरी रेंज

३ मार्च
खोली झकास मिळाली! खिडकीशी टेबल, आणि वाचनालयातली नवी नोकरी पाच मिनिटांवर. घरमालकीणबाईंनी किल्लीबरोबर वायफायचा पासवर्डही दिला. फक्त माझा लॅपटॉप वायफाय ओळखायलाच तयार नाही, कारण त्यावर सगळ्यांसारखं विंडोज नाही, लिनक्स आहे. बायको म्हणतेच, सरळ रस्ता सोडून काट्यात शिरायची मला हौस. आमच्या सहा वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, रोज संध्याकाळी सहाला लॅपटॉपवर दिसेन असं कबूल करून आलोय. फोन माझा साधा, बटणांचा.

५ मार्च
वायफायचं बटण चालू, विमान-मोड बंद, तरी काही नाही. लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड आहे, पण ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नाही. म्हणजे घोडा आहे आणि लगाम नाही. भिंगरी फोनवर रडली. मला फार वाईट वाटलं.

६ मार्च
वाचनालयातल्या संगणकावर, इंटरनेटवरच्या एका जुन्या चर्चेत नेमकं माझंच कार्ड सापडलं. कुणा निनावी माणसाने एक लांबलचक कमांड दिली होती. खाली कुणीतरी विचारलं होतं, ही नक्की करते काय? उत्तर नव्हतं. मी ती चिठ्ठीवर उतरवून आणली, टाइप केली, पासवर्ड मागितला तोही दिला. न वाचता कमांड चालवू नका, असं मीच चार जणांना शिकवत आलोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण वायफाय लागलं. भिंगरीने स्क्रीनचा पापा घेतला.

९ मार्च
वाचनालयात उशीर झाला. सात वाजता माफी मागायला फोन केला, तर बायको म्हणाली, सहाला बोललास की, छान गोष्टही सांगितलीस.
लॅपटॉप मी सकाळीच बंद करून गेलो होतो.

१० मार्च
लॅपटॉपमधल्या नोंदी तपासल्या. काल तो बंद असतानाही दिवसभर जोडणी चालू होती. घरमालकीणबाईंच्या वायफायशी नाही. यादीत दुसरंच नेटवर्क आहे, त्याला नाव नाही, नुसती रिकामी ओळ. वायफाय बंद केलं की आपोआप चालू होतं. मला भीती वाटतेय.

११ मार्च, दुपार
लॅपटॉपच्या मागचे स्क्रू काढले. कार्ड उपटून टेबलावर ठेवलं.
रेंज पूर्ण.
स्क्रीनवर भिंगरी. हसत होती, माझ्याकडे बघून नाही, शेजारी बसलेल्या कुणाकडे तरी. ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही. घरी फोन लावला. बायको खूप हळू बोलली.
"तू तर सकाळीच घरी आलायस. मग हे कोण बोलतंय?"

१२ मार्च, बसमध्ये
आता फोन कुणी उचलत नाही. कंडक्टरने माझं तिकीट मागितलंच नाही. शेजारच्या बाईने पिशवी माझ्या मांडीवर— जणू सीट रिकामीच—

१२ मार्च, घराच्या दारात
बेल दाबतोय, वाजत नाही. आतून माझा आवाज येतोय. माझाच. भिंगरीला हसवतोय.
दार बडवलं. हाका मारल्या. ती स्टुलावर चढली, दाराच्या भिंगातून बघतेय— तिचा श्वास इथे ऐकू येतो. म्हटलं, बाळा, मी, मी आहे गं—
ती आत वळून म्हणाली, "बाबा, बाहेर कुणीच नाहीये."
स्टूल सरकलं. ती गेली. पेन दिसतंय, वही दिसतेय, पण धरणारा हात